दाणा ओळखणारं रक्त

दादा, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात कुणीतरी वांग्याच्या भाजीला दाण्याचं कूट लावलं होतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आचारी बाहेरचा होता, त्याला आपल्या घरची रीत सांगायचं त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही, आणि ज्याच्यासाठी ती रीत होती तो तर टेबलावरच्या फोटोत होता. चाळीस वर्षं आपल्या उंबऱ्याच्या आत उघडपणे शेंगदाणा आला नव्हता. आला तो त्या दिवशी.

मी दोन घास खाल्ले, आणि तू ज्या क्रमाने सुजायचास, अगदी त्याच क्रमाने मी सुजले.

आज तुला जाऊन दीड महिना झाला. लोक तुझ्याविषयी बोलतात ते तुझ्या दुकानाविषयी. शेतातल्या पंपाची जळालेली मोटार तू एका दिवसात नवी तार गुंडाळून कशी भरून द्यायचास, ते सांगतात. मला मात्र या दोन घासांविषयी बोलायचं आहे. तू असतास तर पहिला फोन तुलाच केला असता. हे कळेल असा माझ्या ओळखीत दुसरा माणूस नाही.

लहानपणी आपल्या आटगावच्या घरात काय काय नाही, याची यादी मला तोंडपाठ होती. दाण्याची चटणी नाही, चिक्की नाही, पोह्यांत दाणे नाहीत, भाजीला कूट नाही. आई खुरासणीची चटणी करायची, भाजीत खोबरं घालायची. शेजारी कुणी दाणे भाजायला घेतले की आपली खिडकी लावून घ्यायची. मला वाटायचं, हे सगळं तुझे लाड आहेत. तू मुलगा, तू मोठा, म्हणून तुला जे चालत नाही ते कुणालाच नाही.

कारण मला माहीत होतं, पण ऐकून. तू पाच वर्षांचा असताना एका लग्नात कुणीतरी तुझ्या हातावर चिक्की ठेवली. आई सांगायची, आधी खालचा ओठ सुजला, मग डोळे, मग पोटावर गांधी उठल्या, मग कोरडा खोकला, मग आवाज बसला, आणि शेवटी पोर निळं पडलं. जीपमधून शहापूरला नेलं म्हणून वाचलास. पुढे ठाण्याच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, तान्हेपणी याला कसलं तेल लावत होता? तुझ्या अंगावर इसब होतं, कातडी फुटायची, आणि त्यावर आई घाण्याचं शेंगदाण्याचं तेल चोळायची. डॉक्टर म्हणाले, कदाचित तिथूनच दाण्याची आणि याच्या शरीराची पहिली ओळख झाली असेल. पहिल्या ओळखीत काहीच होत नाही. शरीर फक्त बघून ठेवतं, त्या एका गोष्टीसाठी अँटिबॉडी घडवतं आणि वाट बघत बसतं.

आईला त्यातलं एवढंच कळलं, की हे आपल्या हातांनी झालं. त्यानंतर तिने कुणाच्याही बाळाला तेल लावलं नाही. माझ्या मुलीलासुद्धा नाही.

आता ती गोष्ट, जी मी तुला कधीच सांगितली नाही. तू बारा वर्षांचा, मी नऊ. शाळेत एका मैत्रिणीने डब्यात खारे दाणे आणले होते. त्यातले चार मी फ्रॉकच्या खिशात टाकले. घरी आल्यावर मागच्या पायरीवर दगडाने वाटले. चिमूटभर पूड झाली. आई गोठ्यात होती. वालाची आमटी तुझ्या वाटीत वाढलेली होती. मी पूड त्यात टाकली आणि बोटाने ढवळली. मला तुला मारायचं नव्हतं. मला फक्त बघायचं होतं की हे सगळं खरं आहे, की तू सोंग करतोस.

तू आलास, बसलास, भाकरी मोडून खाल्लीस. तिसऱ्या घासाला थांबलास आणि माझ्याकडे बघितलंस. ती नजर मला अजून दिसते. त्यात राग नव्हता. नंतर ओठ सुजला.

तेव्हा मला कळलं की सोंग नव्हतं. बाबांनी तुला खांद्यावर टाकून हायवेपर्यंत पळत नेलं. तू तीन दिवस शहापूरच्या सरकारी दवाखान्यात होतास. आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कुठं खाल्लंस? तू म्हणालास, शाळेतून येताना शेंगा खाल्ल्या, चूक झाली. बाबा दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. मी तिथेच बसले होते, दप्तर आवरत.

तुला ठाऊक होतं का? हे मी आयुष्यभर तुला विचारणार होते.

पुढे मी शिकले, मुरबाडच्या शाळेत विज्ञानाची बाई झाले, तिकडेच लग्न झालं, सासरी सगळ्यांसारखे दाणे खाऊ लागले. दरवर्षी रोगप्रतिकारशक्तीचा धडा शिकवताना मी फळ्यावर अँटिबॉडी काढते, दोन हात वर केलेली, आणि मुलांना सांगते की या शरीराचं रक्षण करतात. त्या धड्याच्या दिवसांत आपलं भांडण ठरलेलं असायचं. मी म्हणायचे, तुझ्या शरीराची चूक झाली आहे, दाणा कुणाचा शत्रू नाही, तुझ्या अँटिबॉडी निरपराध माणसाला चोर समजून धरतात आणि त्या झटापटीत घरच जाळतात. तू तांब्याची तार गुंडाळत ऐकायचास. तुझं म्हणणं, शरीर वेडं नाही, ते लक्षात ठेवतं. एकदा जे मनावर घेतलं ते सोडत नाही, याला चूक कसं म्हणायचं? मी चिडायचे. शास्त्रात माणसाचे स्वभाव घुसवू नकोस म्हणायचे. तू हसून विषय मोटारींवर न्यायचास. हे भांडण कधी मिटलं नाही.

आणि मग माझंच रक्त थांबलं.

सव्वादोन वर्षं झाली त्याला. अंगावर निळे डाग पडायचे, हिरड्यांतून रक्त यायचं, वर्गात उभं राहवत नव्हतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की हाडांतला मगज रक्त बनवायचा थांबला आहे. दुसऱ्याचा मगज लागेल, सख्ख्या भावंडाचा जुळला तर उत्तम. तुझा जुळला. पूर्ण जुळला.

वहिनी नको म्हणत होती. तिची भीती मला समजत होती. तुम्हाला मूल नव्हतं, तिला तू एवढाच होतास, आणि तुझं शरीर केव्हा बिथरेल याचा नेम नव्हता. इंजेक्शनची डबी तिने वीस वर्षं सांभाळली होती. तू तिला म्हणालास, माझं थोडं घेतलं तर परत भरतं, हिचं भरत नाही. आणि सही केलीस. तुझ्या कमरेच्या हाडांत सुया घालून मगज काढला. आठ दिवस तुला नीट बसता येत नव्हतं, तरी दुकान उघडत होतास.

मी काचेच्या खोलीत होते. माझा स्वतःचा मगज औषधांनी पुसून टाकला होता. तुझ्या मगजाची लाल पिशवी स्टँडला टांगली आणि ती हळूहळू माझ्यात उतरली. तू काचेपलीकडून फोनवर बोललास, नेहमीसारखं मला बाय म्हणत. "गो बाय, आता आपली भांडणं तुझ्या आतच होतील," म्हणालास. मला हसायला येत नव्हतं, पण मी हसले.

महिन्याभराने माझं रक्त परत बनू लागलं. काही महिन्यांत माझा रक्तगट बदलला. जन्मापासून माझा बी होता, आता ओ झाला, तुझा होता तो. मी फोन करून सांगितलं तर तू म्हणालास, चांगलं आहे, कधी गरज लागली तर आता तुझ्याकडून मागता येईल.

तशी गरज लागायला वेळच मिळाला नाही. दीड महिन्यापूर्वी एका दुपारी तू दुकानात स्टुलावर बसून मोटार भरत होतास. समोरच्या रसवंतीवाल्याला वाटलं तू वाकून तार शोधतोयस. बराच वेळ उठला नाहीस म्हणून तो आला. शहापूरला नेलं, पण काही उरलं नव्हतं. हृदय थांबलं होतं. दाणा नाही, गांधी नाहीत, सूज नाही. ज्याच्यापासून आपण तुला जन्मभर जपलं, ते आलंच नाही. दुसरंच काहीतरी आलं.

तुझ्या अंत्ययात्रेच्या दिवशी वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्या मागे उभी होते तेव्हा ती एका बाईला म्हणाली, "हाडातलं काढून दिलं. मंग माणूस राहील कसा?" मला ऐकू जावं म्हणून बोलली की नाही, मला माहीत नाही. मी नंतर डॉक्टरांना विचारलं, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? ते म्हणाले, अजिबात नाही, दिलेला मगज काही आठवड्यांत भरून येतो. पण हे जाऊन वहिनीला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिला काय वाटलं असतं? बहीण हात झटकते आहे.

तू गेल्याच्या चौथ्या दिवशी माझ्या फोनवर एक रिपोर्ट आला. तू जायच्या आधीच्या आठवड्यात मी नेहमीच्या तपासणीला रक्त दिलं होतं, त्याचा. माझ्यात माझ्या स्वतःच्या पेशी किती उरल्या आणि दात्याच्या किती, ते त्यात असतं. माझ्या रकान्यात शून्य होतं. खाली एक ओळ होती, की तपासलेल्या सगळ्या रक्तपेशी पुरुषाच्या आहेत.

मी तुझ्याच घरात, मागच्या खोलीत बसून ते वाचलं. बाहेर ओटीवर बायका बसल्या होत्या. तुझी रक्षा सावडून दोन दिवस झाले होते. मी डाव्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागत होती. मी पुष्कळ वेळ ती बोटं उचलली नाहीत, कारण खाली जे चाललं होतं ते कुणाचं, हे मला सांगता येईना.

त्या दिवसांत आणखी एक झालं. विळीवर कांदा चिरताना माझं बोट कापलं. रक्त आलं, विळीच्या पाटावर दोन थेंब पडले. एरवी मी ते पदराने पुसलं असतं. माझा हात पुढे होईना. समोर वहिनी तांदूळ निवडत होती. तिने त्या थेंबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सूप घेऊन उठून गेली. रिपोर्टचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

आणि मग तुझं पुण्यानुमोदन. वंदना झाली, लोक तुझ्याविषयी बोलले, पंगत बसली. एवढी दोन वर्षं माझं खाणं मोजून मापून होतं. बाहेरचं नाही, कच्चं नाही, दाणे तर बुरशीच्या भीतीने बंदच होते. नुकतीच डॉक्टरांनी मोकळीक दिली होती. मी भाजी तोंडात घातली आणि मला कूट लागलं. किती वर्षांनी आपल्या घरात तो स्वाद. मी थांबायला हवं होतं. पण तुला सांगते, त्या क्षणी माझ्यातली नऊ वर्षांची मुलगी जागी झाली. मला वाटलं, आता कुणासाठी थांबायचं? मी दुसरा घास घेतला.

खालचा ओठ आधी खाजला. मी समजले, तिखट आहे. मग ओठ जड झाला. मग डोळ्यांच्या कडा. पोटावर साडीच्या निऱ्यांखाली आग होऊ लागली आणि मला कोरडा खोकला आला. तो खोकला मला ओळखीचा होता. वालाच्या आमटीच्या त्या दिवशी मी तो आपल्या घरात ऐकला होता. मी बाजूच्या बाईला पाणी मागायला गेले तर माझा आवाज बसला होता, जाड झाला होता. पाणी, एवढंच म्हणाले.

वहिनी पलीकडच्या पंगतीत वाढत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. त्या आवाजाने तिच्या हातातलं भांडं खाली आलं.

ती धावत माझ्याकडे आली नाही. आधी आत गेली. फडताळातून तुझी डबी घेऊन आली. ती डबी अजून कुणी हलवली नव्हती. तुझ्या हाताने बदललेली कुपी होती आत, तारीख उलटायला अजून अवकाश होता. तिने मला खाली निजवलं, माझे पाय एका गोणीवर ठेवले, कुपीची मान मोडली, सुईत औषध ओढलं. तूच तिला शिकवलं होतंस ना, केळ्यात पाणी टोचून टोचून. साडीवरूनच तिने मांडीत सुई घातली आणि माझ्या तोंडाजवळ वाकून म्हणाली, "हलू नका. झालं हां, झालं. श्वास घ्या. हलू नका हो."

दादा, वहिनी मला कायम 'तू' म्हणत आली आहे. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. हे 'हलू नका' माझ्यासाठी नव्हतं. माझे डोळे सुजून बंद होत आले होते, मला तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. पण ती ज्याच्याशी बोलत होती तो तिला दिसत होता, एवढं मला कळत होतं. आणि मी हलले नाही. तिच्या आवाजाला माझं अंग असं निमूट झालं, जसं त्याला या बाईने सांगितलेलं ऐकायची फार जुनी सवय असावी. हे औषधाने झालं असेल. विज्ञानाची बाई म्हणून मी तसंच म्हणायला हवं. पण घडलं ते हे.

शहापूरच्या दवाखान्यात त्यांनी मला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं. वहिनी सोबत राहिली. संध्याकाळी सूज उतरली, आवाज परत आला. मग मी तिला ती चार दाण्यांची गोष्ट सांगितली. का सांगितली? तुला सांगायची राहिली होती, आणि तुझ्या सगळ्यांत जवळचं माणूस तीच होती. वालाची आमटी, मागची पायरी, फ्रॉकचा खिसा, सगळं सांगितलं. म्हटलं, मी त्याला तेव्हाच मारलं असतं.

वहिनी खिडकीबाहेर बघत होती. तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या साली सांगितलंनी मला. बायला टाकताना बघितलं होतं म्हणाले. मी म्हटलं, मंग खाल्लं कशाला? तर म्हणे, मला पण बघायचं होतं, खरं हाय का."

दादा, म्हणजे त्या वाटीत काय आहे हे जाणून तू बसला होतास. दोन घास तू बघत होतास आणि मी बघत होते. तुझंही सगळं ऐकीवच होतं. तुझ्या शरीराने काय मनावर घेतलं आहे, ते तुलाही माहीत नव्हतं. तिसऱ्या घासाला माझ्याकडे वळलेल्या त्या नजरेचा अर्थ मी तीस वर्षांहून जास्त काळ चुकीचा लावत आले. आणि नंतर तू शेंगांचं खोटं सांगितलंस, ते मला वाचवायला की आपलं दोघांचं गुपित राखायला? हे आता वहिनीलाही सांगता येत नाही.

गावात मात्र बोलणं सुरू झालं. शेजारच्या जनाआजीने सगळ्यांदेखत म्हटलं, "तो गेला नाय गो. बहिणीत येऊन बसलाय." उंबरमाळीकडे एक भगत आहे, त्याच्याकडे न्या, म्हणाली. वहिनीने तिला शांतपणे सांगितलं की आमच्या सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हापासून या घरातून कुणी भगताकडे गेलेलं नाही, जाणारही नाही. पण आजी गेल्यावर तिने मला विचारलं, खरंच, हे कशाने झालं?

मी तेव्हा तिला रिपोर्ट दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला. शून्य म्हणजे काय, विचारलं. मी सांगितलं.

मुंबईला डॉक्टरांकडे गेले तेव्हा ती माझ्याबरोबर आली. मी बोलावलं नव्हतं. डॉक्टर बाईंनी जुनी फाईल काढली. तू दाता म्हणून भरलेला फॉर्म त्यात होता, आणि ॲलर्जीच्या रकान्यात तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, शेंगदाणे. वहिनीने त्या शब्दावर हात ठेवला.

बाईंनी समजावून सांगितलं. असं फार क्वचित होतं, पण होतं. मगजात रक्त बनवणाऱ्या पेशी असतात तशा आठवण ठेवणाऱ्या पेशीही असतात. तुझ्या त्या पेशींनी चाळीस वर्षांपूर्वी दाण्याची खूण पटवून ठेवली होती. त्या माझ्यात आल्या, माझ्या हाडांत राहिल्या, आणि आपल्या सवयीप्रमाणे दाण्याविरुद्धच्या अँटिबॉडी घडवत राहिल्या. कातडीखाली, घशात, फुप्फुसांत ज्या पेशींवर या अँटिबॉडी जाऊन बसतात, त्याही त्याच मगजातून येतात. म्हणजे पहारा तुझा आणि पहाऱ्याची जागाही तुझी. दोन वर्षं मी दाणा खाल्ला नाही म्हणून काही कळलं नाही. त्या अँटिबॉडी हात पसरून बसून होत्या. भाजीतला दाण्याचा अंश दोन हातांत अडकला, पेशी फुटल्या, आणि पुढचं सगळं तुझ्यात व्हायचं तसं झालं.

मी ऐकत होते आणि मला जनाआजी आठवत होती. शब्द वेगळे होते, एवढंच.

आपल्या भांडणाचं म्हणशील, तर मी अजून हरलेले नाही. दाणा शत्रू नाही, हे मी वर्गात असंच शिकवणार. पण तू म्हणायचास की एकदा मनावर घेतलं की ते सोडत नाही, ते आता मी खोडत नाही. तुझं हृदय नाही, डोळे नाहीत, मोटारी भरणारे हात नाहीत. राहिलं काय, तर एका दाण्याची ओळख. याहून मोठं काही मागे राहायला हवं होतं असं कधी कधी वाटतं. कधी वाटतं, हे तरी राहिलं. मुरबाडच्या बाजारात भाजलेल्या दाण्यांचा वास आला की मी रस्ता ओलांडते. भीतीने ओलांडते, हे मला कळतं. पण प्रत्येक वेळी आधी पावलं वळतात आणि भीती मागून येते.

डॉक्टर बाई म्हणाल्या, खात्रीसाठी कातडीवर चाचणी करू. माझ्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, त्यांनी तीन थेंब ठेवले आणि प्रत्येकाखाली बारीक टोचलं. एक मिठाच्या पाण्याचा, एक तुलनेसाठी औषधाचा, एक दाण्याचा. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. पाण्याच्या थेंबाखाली काही झालं नाही. दाण्याच्या थेंबाखाली आधी लाल झालं, मग मधोमध पांढरट गांध उठली, वालाएवढी, फुगीर, कडा वेड्यावाकड्या. बाईंनी येऊन निळ्या पेनाने तिच्याभोवती रेघ काढली, पट्टीने मोजलं, लिहून घेतलं.

वहिनीने तेव्हा विचारलं, हे जाईल का? बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. काहींचं वर्षा दोन वर्षांत कमी होत जातं. काहींचं तो मगज आहे तोवर राहतं. दर वर्षी चाचणी करून बघू. वहिनीने मान हलवली. तिला यातलं कोणतं उत्तर हवं होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. माझं मलाही कळलं नाही.

बाई आत गेल्या. अर्धा तास थांबा, म्हणाल्या होत्या. समोरून लोक येत जात होते. वहिनीने माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एक बोट त्या गांधीवर ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं.

"गरम हाय," ती म्हणाली.

मी हो म्हणाले. अर्धा तास होऊन गेला तरी आम्ही उठलो नाही. तिच्या बोटाखाली गांध हळूहळू बसत गेली. आधी कडा गेल्या, मग उंचवटा गेला, मग फक्त गुलाबी डाग राहिला, आणि शेवटी माझी कातडी आणि तिच्यावरची पेनाची रेघ. तेव्हा तिने बोट उचललं, माझी बाही खाली ओढली आणि कागद पिशवीत घातले.

"पुढच्या वर्षी परत करणार ना?" तिने विचारलं. "तवा मला सांग. मी येईन."